ऐतिहासिक कादंबरी स्वतः छापताय? मग हे वाचाच

हरि नारायण आपट्यांची ‘उषःकाल’ क्रमशः छापून आली ती ‘करमणूक’मध्ये, आणि ते साप्ताहिक त्यांनी स्वतःच १८९० साली काढलेलं! तेव्हा ‘स्वतःच छापलंय का?’ असं कुणी नाक मुरडून विचारलं, तर बिनधास्त हो म्हणा.

आयएसबीएन विकत घेऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो लेखकालाही फुकट मिळतो. छापील प्रत आणि ई-बुक यांना मात्र वेगवेगळा क्रमांक लागतो.

खरी डोकेदुखी फाँटची. माझी युनिकोड फाइल छपाईसाठी जुन्या फाँटमध्ये बदलली आणि ‘वाऱ्यावर’चं सगळीकडे ‘वार्यावर’ झालं. आता कागदावर काढलेलं प्रूफ स्वतः वाचल्याशिवाय मी छपाईला होकार देत नाही. मोडीतले शब्द, फारसी नावं आणि तिथ्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. आपल्याच चुका आपल्याला दिसत नाहीत.

प्रसिद्धीसाठी ‘माझी कादंबरी घ्या’ असा धोशा लावू नका, लोक कंटाळतात. त्यापेक्षा दफ्तरात सापडलेला एखादा हिशेब, गडावरचं एखादं टाकं, यावर लिहा. प्रकाशनपूर्व सवलत ठेवली की छपाईचा काही खर्च आधीच हातात येतो.

आणि हो, १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतली ठरलेली ग्रंथालयं यांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. इथे प्रकाशक तुम्हीच. चार प्रती बाजूला काढून ठेवा.