सौर रोबो दरडीत का उतरत नाही

22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूरच्या साखर सुतारवाडीत आणि केवनाळ्यातही त्याच पावसात माणसं गाडली गेली. एकट्या तळियेत 80 हून अधिक जीव गेले. त्याच्या आदल्या वर्षी, 24 ऑगस्टला, महाड शहरातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. एका चार वर्षांच्या मुलाला दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. अशा फटींतून सरपटत जाणारा रबरी, मऊ रोबो असावा, हे इथे कुणालाही पटेल. पण ‘त्याच्या पाठीवर छोटा सौरघट लावला की विजेची चिंता मिटली’ हा समज तपासून घ्यायला हवा.

हिशेब सोपा आहे. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॅट ऊर्जा पडते. टपाल तिकिटाएवढ्या, म्हणजे पाच चौरस सेंटिमीटरच्या घटावर अर्धा वॅट. त्यातल्या जेमतेम पाचव्या हिश्श्याची वीज होते: 100 मिलिवॅट. मऊ रोबो बहुतेकदा हवेच्या दाबावर हलतात आणि त्यांचा छोटा पंपसुद्धा दोन-एक वॅट खातो.

‘घट सुधारले की जमेल’ हेही तितकंसं खरं नाही. आयआयटी मुंबईत सिलिकॉन आणि पेरोव्हस्काइट यांच्या जोडघटाने 30 टक्क्यांच्या जवळ मजल मारली आहे. काम कौतुकाचंच, पण उद्या शंभर टक्के साधले, तरी तिकिटावर पडणारं ऊन अर्धाच वॅट राहणार.

मग सौरघटावर चालणाऱ्या रोबोंच्या बातम्या खोट्या का? नाहीत, फक्त अर्ध्या वाचल्या जातात. हार्वर्डची 259 मिलिग्रॅमची रोबोमाशी 2019 मध्ये सौरघटांवर उडाली खरी, पण प्रयोगशाळेत, सूर्याच्या सुमारे तिप्पट प्रखर दिव्याखाली आणि क्षणभरच. 2024 मध्ये चीनच्या बेइहांग विद्यापीठाचं 4.21 ग्रॅमचं यंत्र साध्या उन्हात तासभर उडालं. तिथे कमाल घटाची नव्हती. फार कमी वीज खाणाऱ्या मोटरची होती. ही दोन्ही यंत्रं मऊ नाहीत. संपूर्ण मऊ असा गाजलेला ‘ऑक्टोबॉट’ (2016, हार्वर्डच) हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालला.

सर्वांत चलाखी केली ती जपानच्या रिकेन संस्थेने. 2022 मध्ये तिथल्या संशोधकांनी मादागास्करच्या जिवंत झुरळाच्या पाठीवर चार मायक्रॉन जाडीचा, वाकणारा सौरघट चिकटवला. वीज मिळाली 17.2 मिलिवॅट. एवढ्यावर झुरळ चालत नव्हतं, चालत होतं ते स्वतःच्या पायांवर! घटाने भरलेली बॅटरी केवळ रेडिओ आणि दिशा बदलण्याचे इशारे सांभाळत होती. उद्देश ढिगाऱ्यातला शोध हाच, पण बॅटरी उजेडातच भरून घ्यावी लागते. आत अंधार असतो.

म्हणून ढिगाऱ्यासाठी मागे नळी ओढणारा रोबो मागासलेला समजू नये. स्टॅनफर्डचा 2017 चा ‘वेल’ रोबो टोकाकडून वाढतो आणि 72 मीटरपर्यंत गेला आहे. हवा त्याला बाहेरच्या पंपातून मिळते, वीजही बाहेरच राहते; फटीत शिरते ती हलकी पिशवी आणि टोकाचा कॅमेरा.

आता पावसाळ्याचं. ढग आले की वीज शून्य, हाही गैरसमजच. दाट ढगांतून एक दशांश उजेड आला असं धरलं, तर तिकिटाएवढा घट सुमारे 10 मिलिवॅट देईल. आठ तासांत 288 जूल. साठवणीतली गळती सोडली, तरी या दिवसभराच्या कमाईवर दोन वॅटचा पंप अडीच मिनिटंही चालणार नाही. उलट दरडीचा इशारा देण्यासाठी डोंगरउतारावर बसवलेला, एरवी 0.1 मिलिवॅटवर झोपलेला आणि दर पाव तासाला पाच सेकंद जागा होऊन 100 मिलिवॅटवर निरोप पाठवणारा संवेदक दिवसाला 60 जूलही वापरत नाही. पोलादपूरच्या घाटात, आषाढातसुद्धा, तिकिटाएवढा घट त्याला पुरून उरेल.