चंद्रावर माणूस पुन्हा उतरवायचा, तर घोडं अडतं कुठे?

न्हावा शेवा बंदरात येणारं मोठं कंटेनर जहाज खुल्या समुद्रातून थेट धक्क्याला लागत नाही. आधी ते बऱ्याचदा बाहेर नांगर टाकून थांबतं. मग पायलट, म्हणजे इथल्या पाण्याची खडान्‌खडा माहिती असलेला वाटाड्या, बोटीने जाऊन त्यावर चढतो. पाण्यात खोल बसलेल्या जहाजाला भरतीची वाट बघावी लागते, आणि ती भरतीही प्रामुख्याने चंद्राच्याच ओढीने येते. शेवटी टगबोटी ढकलत ढकलत त्याला धक्क्याला लावतात. चंद्रावर माणूस नेण्याची अमेरिकेची आजची योजना, आर्टेमिस, याच धाटणीची आहे. हातबदल बरेच, आणि जोखीम मुख्यतः त्या हातबदलांत. आपण एकेक टप्पा क्रमाने पाहू.

आधी एक नेहमीचा प्रश्न. माणसं चंद्रावर जाऊन आली आहेत, मग तेच यान पुन्हा का बांधत नाहीत? अपोलो-१७ मधून डिसेंबर १९७२ मध्ये युजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट चंद्रावर उतरले, साधारण ७५ तास राहिले आणि परतले. तोवर एकूण १२ जण तिथे चालून आले होते. त्यानंतर अपोलोची यानं बनवणारी यंत्रणा मोडीत निघाली. १९६६ च्या सुमारास अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातला ४ टक्क्यांहून जास्त वाटा नासाला मिळत होता. आता तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. शिवाय या वेळी जायचंय दक्षिण ध्रुवाजवळ, जिथे कायम अंधारात असलेल्या विवरांत बर्फ आहे, आणि राहायचंय जास्त दिवस.

पहिला टप्पा : पृथ्वी सोडणं

आपलं चांद्रयान-३ ज्या रॉकेटने गेलं, त्याची विकास इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात तयार होतात आणि बाजूच्या दोन मोठ्या बूस्टरचे भाग पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला घडतात. १४ जुलै २०२३ ला निघालेलं हे यान पृथ्वीभोवतीची कक्षा, म्हणजे फेरीचा मार्ग, हळूहळू मोठी करत गेलं आणि २३ ऑगस्टला चंद्रावर उतरलं. इंधन वाचलं, पण ४० दिवस गेले. माणसं आत असली की हा हिशेब चालत नाही. त्यांना हवा, पाणी, जेवण लागतं आणि वाटेतला किरणोत्सर्गही सोसावा लागतो. म्हणून तीन-चार दिवसांत पोचवणारं दांडगं रॉकेट हवं.

इथे हमखास त्रास देतो तो द्रवरूप हायड्रोजन. हे इंधन उणे २५३ अंशांना ठेवावं लागतं. इतक्या थंडीत नळ्यांचे सांधे आकसतात आणि जराशा फटीतूनही वायू निसटतो. २०२२ मध्ये आर्टेमिस-१ चं उड्डाण याच गळतीमुळेही लांबलं; अखेर १६ नोव्हेंबरला ते माणसांविना झालं.

दुसरा टप्पा : वाटेत इंधन भरणं

चंद्रावर उतरवण्यासाठी नासाने २०२१ मध्ये स्पेसएक्सच्या स्टारशिपची निवड केली. पुढे २०२३ मध्ये ब्लू ओरिजिनलाही काम दिलं. स्टारशिप इतकं अवजड आहे की पृथ्वीच्या कक्षेत पोचेपर्यंतच त्याच्या टाक्या जवळपास रित्या होतात. मग टँकर यानं एकामागोमाग एक पाठवून त्या अवकाशातच भरायच्या. अपोलोला हे करावंच लागलं नव्हतं.

अडचण वेळेची आहे. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांना राहतो. ऊन लागून टाकी जरा तापली की तो उकळून उडू लागतो. एका टँकरला उशीर झाला, तर आधी भरलेलंही घटत जातं.

तिसरा टप्पा : वाहन बदलणं

ओरायन हे माणसांचं यान चंद्राभोवती फिरतं, पण उतरू शकत नाही. उतरण्यासाठी दुसऱ्या यानात जावं लागतं. त्यासाठी दोन्ही यानं जोडायची. याला डॉकिंग म्हणतात. जोड हवाबंद झाली तरच दार उघडता येतं.

इस्रोने हे स्पेडेक्स मोहिमेत करून पाहिलं. १२ जानेवारी २०२५ ला दोन छोटी यानं एकमेकांपासून तीन मीटरवर आणली आणि पुन्हा मागे घेतली. नंतर मोजमापं तपासून १६ जानेवारीला, सेकंदाला जेमतेम एक सेंटीमीटरच्या गतीने, जोडणी केली. असं मागे फिरणं म्हणजे अपयश नव्हे. शंका आली की थांबता येणं हा या टप्प्यातला मोठा गुण आहे.

चौथा टप्पा : उतरणं

इथे मात्र थांबता येत नाही. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे पॅराशूटचा उपयोग शून्य. वेग इंजिनानेच मारायचा. चांद्रयान-३ चा विक्रम हा उतरणारा भाग ३० किलोमीटर उंचीवर होता तेव्हा सेकंदाला सुमारे १.७ किलोमीटर वेगाने धावत होता. जेमतेम १९ मिनिटांत त्याला शून्यावर यायचं होतं.

सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा उतरणारा भाग इथेच आपटला. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या आणि यानाला पुरेशा वेगाने वळता आलं नाही. त्यातच उतरण्याची जागा ५०० मीटर लांब-रुंद एवढीच ठरवलेली. पुढच्या वेळी इस्रोने पाय दणकट केले, इंधन वाढवलं आणि जागा ४ किलोमीटर बाय अडीच किलोमीटर घेतली. सगळं नीट होईल असं न धरता, काय काय बिघडेल याची यादी करून यान बांधलं.

ध्रुवाजवळ ऊन अगदी तिरपं येतं. सावल्या लांबच लांब पडतात आणि खड्डा कुठे, सपाटी कुठे हे कळत नाही. २०२४ मध्ये त्याच भागात उतरलेलं ओडिसियस हे अमेरिकी यान कलंडलं. आत माणसं असती, तर परतीचं उड्डाणच धोक्यात आलं असतं.

पाचवा टप्पा : राहणं

विक्रमवरच्या तापमापकाला वरची माती ५० अंशांहून गरम लागली. फक्त ८ सेंटीमीटर खाली उणे १० च्या आसपास. धूळ तर काचेच्या चुऱ्यासारखी धारदार. ती पोशाखाचे सांधे झिजवते, आत आली की नाकाडोळ्यांना झोंबते. श्मिट यांना ती बाधली होती. सूर्यावरची वादळंही आहेतच. ऑगस्ट १९७२ मध्ये असं मोठं वादळ झालं, अपोलो-१६ आणि १७ यांच्या बरोबर मधल्या काळात. त्या वेळी वर कोणी नव्हतं, हे नशीब.

सहावा टप्पा : परत येणं

चंद्रावरून उडायचं, पुन्हा जोडणी करायची, आणि पृथ्वीच्या हवेत सेकंदाला ११ किलोमीटर वेगाने शिरायचं. अवकाश स्थानकावरून येणारं यान ८ च्या आत असतं. ही वाढ आकड्यात थोडी दिसते, पण तिने उष्णता कितीतरी पटींनी वाढते. यानाच्या तळाचं उष्णतारोधक कवच जळत जळत आतल्यांना वाचवतं. आर्टेमिस-१ परतलं तेव्हा त्या कवचाचे तुकडे उडालेले दिसले. आत कोंडलेल्या वायूला बाहेर पडायला वाट न मिळाल्याने कवच तडकलं, हा निष्कर्ष नासाने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. म्हणजे कारण समजायला दोन वर्षं लागली.

आपल्याकडे चांद्रयान-४ या टप्प्याची तालीम करणार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली ही मोहीम माणसांशिवाय जाईल आणि चंद्रावरची माती घेऊन परतेल. भारतीय माणूस २०४० पर्यंत चंद्रावर उतरवायचं उद्दिष्ट आहे, त्याची पायाभरणी इथून होते.

तेव्हा यापुढे चांद्रमोहिमेची बातमी वाचताना तारखेला फार महत्त्व देऊ नका. अमेरिकेने २०१९ मध्ये २०२४ हे साल जाहीर केलं होतं, ते कधीच मागे पडलं. त्याऐवजी तीन गोष्टी बघा : अवकाशात इंधन भरून दाखवलं का, उतरणारं यान आधी माणसांविना उतरून पुन्हा उडालं का, आणि परतलेलं कवच धड होतं का. या तिन्हींना ‘हो’ असं उत्तर मिळालं, की तारखेवर विश्वास ठेवायला हरकत नाही.