उकंडरावांचा नातू विहान

शाळेत दाखल-खारीज नावाचं एक जाडजूड रजिस्टर असतं. शाळेत आलेल्या प्रत्येक लेकराचं नाव, जात, जन्मतारीख आणि जन्मगाव त्यात चढतं. जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी नोकरी दारव्हा-दिग्रसकडे आणि पुढे पांढरकवड्याकडे झाली. मुख्याध्यापक या नात्यानं लोकांना दाखले काढून देताना जुनी रजिस्टरं कायम चाळावी लागत. यवतमाळ जिल्ह्यात नावांची फॅशन कशी बदलत गेली, हे मी त्या पिवळ्या पानांवरच शिकलो.

जुन्या पानांवर पुंडलिक, अंबादास, तुळशीराम, सुखदेव भेटतात. मुलींमध्ये पंचफुला, गिरजा, अनुसया, चंद्रभागा. शेगावच्या महाराजांमुळे गजानन तर गावोगाव. सोमवारी जन्मला तो सोमा, मंगळवारचा मंगलू. आणि मधूनच एखादा उकंडा, धोंडू, दगडू. आधीची लेकरं दगावली की पुढच्याला मुद्दाम उकिरड्याचं नाही तर दगडाचं नाव द्यायचं, म्हणजे मरणाची नजर त्याच्याकडे वळणार नाही, असा तो हिशेब. आज ऐकताना हसू येतं, पण तेव्हा देवीची साथ आणि पटकी घरं रिकामी करत होती. मुलींच्या वाट्याला मात्र वेगळंच यायचं. मुलाची वाट पाहणाऱ्या घरात आणखी एक मुलगी झाली की तिला ‘नकुशी’ म्हणत. सातारा जिल्ह्यात २०११ साली पावणेतीनशेहून अधिक नकुशांना समारंभानं नवी नावं दिली गेली, ही फार जुनी गोष्ट नव्हे.

उकंडरावांनी मुलाचं नाव संजय ठेवलं आणि संजयनं आपल्या मुलाचं विहान. अशी तीन पिढ्यांची साखळी आमच्याकडे कितीतरी घरांत आहे. आजी मात्र कुरकुरतात. एका आजीनं नातवाचा दाखला घेताना मला विचारलं होतं, “काहून ठेवलं असंन गुरुजी असं नाव? मले तं म्हनताच येत नाई.” तिनं स्वतःपुरता तोडगाही काढला होता. घरी पोराला सगळे ‘गोलू’च म्हणत.

नव्या नावांना ‘थेरं’ म्हणणाऱ्यांना मी आमच्याच जिल्ह्यातला दाखला देतो. पुसद तालुक्यातल्या गहुलीत १ जुलै १९१३ रोजी फुलसिंग नाईकांच्या घरी मुलगा झाला, त्याचं नाव हाजूसिंग. तोच पुढे वसंतराव नाईक झाला आणि १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षं महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला. त्या काळी बंजारा तांड्यावर ‘वसंतराव’ हे नाव आजच्या कियानइतकंच नवं होतं.

दुसरा दाखला याहून मोठा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा दिली आणि विदर्भातल्या हजेरीपटांचा तोंडवळा पालटला. सिद्धार्थ, राहुल, गौतम, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, आम्रपाली. ज्यांच्या बापजाद्यांना गाव तुच्छतेनं हाक मारायचं, त्यांच्या लेकरांना राजपुत्रांची आणि भिक्खुणींची नावं मिळाली. तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच. आज सिद्धार्थ आणि राहुल हे सगळ्याच समाजांत सापडतात.

आता नाव येतं कुठून? पूर्वी बारशाला आत्या पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात कुर्र करायची आणि नाव सांगायची. तो मान अजून तिचाच आहे, पण नाव तिला आदल्या रात्री मोबाईलवर कळवलं जातं. २०११ मध्ये अमिताभ बच्चनची नात आराध्या झाली आणि पुढे आमच्या पहिलीच्या वर्गातही आराध्या बसू लागल्या. मग ‘अंश’ची लाट आली: शिवांश, रुद्रांश, वेदांश, रियांश. आई-बापाच्या नावांतली अक्षरं जोडून घडवलेली नावं वेगळीच.

त्यात जन्माक्षराचा आग्रह. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणून अक्षरं एकशे आठ. पण सगळीच सोयीची नाहीत. हस्त नक्षत्राला पू, ष, ण, ठ येतात, तर उत्तराभाद्रपदेला दू, थ, झ, ञ. ‘ण’वरून नाव काढायचं तरी कुठून? जुनी माणसं जन्मनाव पत्रिकेत ठेवायची आणि व्यवहाराला साधं नाव घ्यायची. आता तेच अक्षर व्यवहाराच्या नावातही हवं असतं. मग अशी अवघड घडण होते की बाप स्वतःच रजिस्टरपाशी अडखळतो.

तरीही या लाटेबद्दल माझं मत बरं आहे, आणि त्याचं कारण हजेरीपटातच आहे. पूर्वी नुसतं पहिलं नाव वाचलं तरी पोरगं कुठल्या वस्तीतून येतं हे कळायचं. फुलसिंग तांड्यावरचा, सिद्धार्थ बौद्धवाड्यातला. अनोळखी मास्तरसुद्धा नावावरून अंदाज बांधायचा आणि पोराला कुठं बसवायचं हे नकळत ठरवायचा. आता कुणब्याच्या घरी आरव आहे, बंजाऱ्याच्या घरी आरव आहे आणि कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवरही आरव आहे. आडनाव वाचेपर्यंत कुणाला काही ठरवता येत नाही. समाजसुधारकांना जे अवघड गेलं, त्याचा छोटासा हिस्सा टीव्ही मालिकांनी आणि मोबाईलनं नकळत उरकून टाकला.

याची किंमतही आहे. तांड्यावरची आणि पोडावरची आपली-आपली नावं झपाट्यानं मागे पडताहेत. कोलाम आजोबाचं नाव नातवाला सांगायला लाज वाटावी, असं मात्र होऊ नये. आजोबाचं नाव मधलं किंवा पाळण्यातलं म्हणून ठेवायला काय हरकत आहे?

खरी अडचण नावाच्या नवेपणात नाही, कागदावर आहे. १९६९ च्या कायद्यानुसार जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. गावात ती ग्रामपंचायतीत होते. त्या वेळी नाव ठरलेलं नसेल तरी चालतं. वर्षभरात ते विनाशुल्क टाकता येतं आणि पुढे शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचाच दाखला लागणार आहे. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे.

म्हणजे स्पेलिंगची चूक सुरुवातीलाच पकडावी लागते. आरवला एक ए की दोन, विहानला व्ही की डब्ल्यू, हे दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं की पोराच्या मागे आयुष्यभर फेऱ्या लागतात. आधारवर नाव फक्त दोनदा बदलता येतं. नाव कायमचं बदलायचं तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते.

काही देशांनी तर आई-बापांच्या हौसेला लगाम घातला. न्यूझीलंडमध्ये २००८ साली नऊ वर्षांच्या एका मुलीचं नाव ‘तालुला डझ द हुला फ्रॉम हवाई’ होतं. ते बदलता यावं म्हणून न्यायालयानं तिला आपल्या ताब्यात घेतलं. जपाननं मे २०२५ पासून चिनी अक्षरांचे मनमानी उच्चार नोंदवण्यावर बंधनं आणली. आपल्याकडे असली बंधनं नाहीत आणि मला ती नकोही आहेत.

घरात मात्र तीन परीक्षा घ्याव्यात. घरातली सगळ्यात म्हातारी बाई ते नाव एका दमात म्हणू शकते का? चौथीतलं पोर ते न चुकता लिहू शकतं का? आणि नोकरीच्या मुलाखतीत त्याला स्वतःचं नाव समजावून सांगत बसावं लागेल का? या तिन्हींत पास झालेलं नाव कितीही नवं असलं तरी खुशाल ठेवा. नापास झालं, तर पाहुणे बारशाला यायच्या आधीच दुसरं शोधा.