मांजरीचे बाळंतपण : आधी ऊब, मग दूध

कोल्हापूरच्या आषाढी पावसात आसऱ्याला आलेली गाभण मांजर कोठीत किंवा वैरणीत विण्याची जागा शोधते. तिला कोरड्या, अंधाऱ्या कोपऱ्यात जुने सुती कापड अंथरलेले खोके द्यावे. गाभणकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो.

वितेवेळी उगाच हात लावू नये. मात्र जोराच्या कळा २० ते ३० मिनिटे येऊनही पिल्लू बाहेर न आल्यास पशुवैद्यकास दाखवावे. मांजरीने पिल्लावरील पिशवी न फाडल्यास ती नाकातोंडावरून ताबडतोब काढून पिल्लू कोरड्या कापडाने चोळावे.

गारठलेल्या पिल्लास दूध पचत नाही. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवावी. अंग उबदार झाल्यावरच आईच्या चिकाला लावावे.

या काळात कोठीत झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवू नये. विषबाधित उंदीर खाऊन आई दगावली, तर पिल्लेही वाचणे कठीण.