दायमाबादच्या पांढरीखालची माणसे

सहल म्हटली की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर दीक्षाभूमी, चैत्यभूमी, अजिंठा-वेरूळ, कार्ले-भाजे ही नावे येतात. ती यावीतच. पण आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा नदीच्या डाव्या तीरावर असे एक ठिकाण आहे की जिथे बुद्धांच्याही दीड हजार वर्षे आधी माणसे राहत होती. ती आपल्या मृतांना तिथेच पुरत होती. त्या ठिकाणाचे नाव दायमाबाद. विहारातील मुले, त्यांच्या आया व काही ज्येष्ठ मंडळी यांना घेऊन आम्ही तिथे जाऊन आलो, त्याची ही हकिकत.

आधीच सांगून टाकतो, तिथे पाहण्यासारखे बांधकाम काहीही नाही. कबरी पहायला जायचे म्हटल्यावर मुलांच्या मनात मोठाल्या शिळा, आत शिरायचा दगडी दरवाजा असे काहीतरी होते. तशा कबरी जगात आहेत. आयर्लंडमधील न्यूग्रेंज येथे पाच हजार वर्षांपूर्वीची शिळांची कबर आहे. डिसेंबरात वर्षातला सर्वांत लहान दिवस असतो, त्या सुमारास उगवत्या सूर्याचा किरण बोगद्यातून थेट आतल्या दालनात जातो. आपल्याकडे विदर्भात नागपूरजवळ जुनापाणी येथे दफनांभोवती रचलेली शिळांची वर्तुळे आहेत, ती सुमारे 300 भरतात. दीक्षाभूमीला जाणाऱ्यांनी सवड काढून तीही पहावीत. दायमाबादला मात्र दिसते ती नुसती पांढर. ओसाड पडलेल्या जुन्या गावाच्या जागेला आपली माणसे पांढर म्हणतात तसली, भुरकट मातीची, खापरांनी भरलेली. सगळे आहे ते जमिनीखाली, आणि जे काढले ते संग्रहालयात. एका मुलाने तर विचारलेच, "काका, एवढ्यासाठी आणलं का आम्हाला?"

मग सर्वांना झाडाच्या सावलीत बसवले आणि जे वाचले होते ते सांगायला सुरुवात केली.

ही जागा 1958 साली बी. पी. बोपर्डीकर यांच्या लक्षात आली. पुढे म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि शेवटी 1975 ते 1979 या काळात एस. ए. साळी यांच्या देखरेखीखाली केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याने येथे उत्खनन केले. एकावर एक पाच वस्त्यांचे थर निघाले. सर्वांत खालचा थर चार हजार वर्षांहून जुना. त्याच्या वरच्या थरातली माणसे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळातली होती. त्या लिपीची अक्षरे असलेल्या मुद्रा येथे सापडल्या. म्हणजे हडप्पा-मोहेंजोदडोची माणसे किंवा निदान त्यांची विद्या आपल्या प्रवरेपर्यंत पोचली होती. सर्वांत वरचा थर जोर्वे संस्कृतीचा, इसवी सनापूर्वी सुमारे 1400 ते 1000 या काळातला. जोर्वे हेसुद्धा आपल्याच जिल्ह्यातले, संगमनेर तालुक्यातले गाव. तिथे 1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी खोदकाम केले. तिथली तांबडी, काळ्या नक्षीची, तोटीची भांडी पुढे महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत सापडू लागली, म्हणून गावाचे नाव संस्कृतीलाच मिळाले.

आता कबरींविषयी. दायमाबादच्या हडप्पाकालीन थरात एक कबर निघाली. खड्डा खणून त्याच्या बाजू मातीच्या कच्च्या विटांनी बांधून घेतल्या होत्या. त्यात एक प्रौढ माणूस सरळ निजवलेला होता. अंगावर तंतुमय वनस्पतीच्या काड्यांचे पांघरूण घातले होते. जमिनीखालची मृताची खोलीच म्हणा ना. आणि ही कबर गावाबाहेर नव्हती, वस्तीतच होती.

जोर्वे काळात तर माणसे मृतांना राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. मूल दगावले की दोन करड्या कुंभांत त्याला ठेवायचे, कुंभांची तोंडे एकमेकांना जोडायची आणि ते आडवे खड्ड्यात ठेवायचे. शेजारी वाडगी, तोटीचे भांडे ठेवायचे. बाळाला तहान लागेल, भूक लागेल, अशी त्यांची समजूत असावी. नेवाशाच्या उत्खननात एका मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तिचा दोरा रेशीम आणि कापसाचा होता. तीन हजारांहून अधिक वर्षे मातीत राहूनही तो दोरा तांब्यामुळे टिकला, असे शास्त्रज्ञ सांगतात. हे ऐकल्यावर आमच्यातल्या एक ज्येष्ठ उपासिका बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, लेकराला घराबाहेर टाकवलं नसंल तिला." याहून अधिक नेमके पुरातत्त्वाच्या कोणत्याही पुस्तकात आमच्या वाचनात आलेले नाही.

मोठ्या माणसांची तऱ्हा निराळी. त्यांना उत्तरेकडे डोके करून निजवत आणि पुष्कळदा घोट्याखालून पाय तोडून टाकत. मेलेला उठून पळू नये, भूत होऊन फिरू नये म्हणून, असा विद्वानांचा कयास आहे. मुले हसली. हसू द्यावे, पण त्यांना एक विचारावेसे वाटते. मृताच्या भीतीने आजही लोक काय काय करतात? कावळा शिवण्याची वाट पाहत तासन्‌तास उभे राहतात, ते यापेक्षा फार वेगळे आहे का? बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. आपल्याकडे परित्राणपाठ होतो, पुण्यानुमोदन होते, जलदान विधी होतो. पण अजून कित्येक घरांत एक पाय प्रतिज्ञेत आणि एक पाय जुन्या रूढीत असतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. एका तरुणाने मुद्दा काढला की मृताजवळ अन्न ठेवणे एवढे प्राचीन असेल तर ती आपली मूळ परंपरा नव्हे काय? आम्हाला तसे वाटत नाही. पाय तोडणेही तेवढेच प्राचीन आहे. जुने आहे एवढ्यावरून काही योग्य ठरत नाही, हे तर कालाम सुत्तात बुद्धांनीच सांगून ठेवले आहे.

आम्हाला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट दायमाबादची नाही, इनामगावची आहे. हे गाव शिरूर तालुक्यात घोड नदीवर, पुणे जिल्ह्यात पण आपल्या हद्दीला लागूनच. तिथेही जोर्वे संस्कृतीचीच वस्ती होती. 1968 ते 1983 अशी अनेक वर्षे डेक्कन कॉलेजने तिथे खोदकाम केले. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा एक मोठा रांजण निघाला. त्यात एक प्रौढ पुरुष बसलेल्या स्थितीत होता, आणि त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा असे म. के. ढवळीकर आदी संशोधकांनी म्हटले आहे. म्हणजे भूत होण्याची भीती सामान्यांच्या पायांची, प्रमुखाच्या पायांना मात्र मान! त्याच गावात सुखवस्तू शेतकऱ्यांची घरे मध्यभागी आणि कुंभार, सोनार अशा कारागिरांची पश्चिमेच्या कडेला होती, असेही दिसून आले.

इथे घाई करून चालणार नाही. कडेला राहणे आणि अस्पृश्य असणे एक नव्हे. बाबासाहेबांनी 1948 च्या आपल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इसवी सन 400 च्या सुमाराचा मानला आहे. वंशावरून अस्पृश्यता आली हे मत त्यांनी खोडून काढले. तेव्हा प्रवरेकाठचे हे लोक त्याच्या हजारो वर्षे आधीचे. कोणाला विटाळ मानून गावकुसाबाहेर पुरल्याचा पुरावा या पांढरींत निघालेला नाही. पण लहानमोठेपणाची पहिली रेघ मातीत उमटलेली आहे, आणि ती मृताच्या पायाशी उमटली आहे, हे मात्र खरे. आपल्यातील काही उत्साही मंडळी "हे सगळे आपलेच पूर्वज, हेच मूळचे नागलोक" असे छातीठोक सांगतात. हाडांवर जात लिहिलेली नसते. अभिमानासाठी पुराव्याबाहेर जाण्याची आपल्याला गरज नाही.

मात्र एक गोष्ट या संदर्भात बोललीच पाहिजे. अनेक गावांत आजही आपल्या लोकांची स्मशानभूमी वेगळी असते. ओढ्याच्या कडेला, शेड नाही, पाणी नाही, पावसाळ्यात जायला वाट नाही. कुठे तेवढीही जागा नोंदलेली नसते आणि प्रेत दारात असताना जागेवरून भांडण उभे राहते. आम्ही कारकुनी करतो, अशा अर्जांचे प्रवास आम्हाला ठाऊक आहेत. चार हजार वर्षांपूर्वी विटा लावून, काड्यांचे पांघरूण घालून एका माणसाला वस्तीच्या आत निजवले होते. आपल्या गावातील जागेची सात-बारावर काय नोंद आहे, हे तरी प्रत्येक शाखेने तलाठ्याकडे जाऊन पहावे.

दायमाबादचे नाव जगभर गेले ते मात्र कबरींमुळे नव्हे. 1974 मध्ये छबू लक्ष्मण भील यांना तिथे झुडपाच्या मुळाशी खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या. बैलजोडीचा रथ व तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथ 45 सेंटिमीटर लांब आहे, सगळ्यांचे वजन मिळून 60 किलोहून अधिक. त्या उत्खननात थरात सापडल्या नसल्याने त्यांच्या काळाविषयी विद्वानांत वाद आहेत. आज त्या मुंबई व दिल्ली येथील संग्रहालयांत आहेत. एवढ्या पदवीधरांनी चाळलेल्या जागेत सर्वांत मोठी वस्तू एका आदिवासी माणसाच्या हाती लागली, हे आम्ही मुलांना दोनदा सांगितले. कोणत्या ग्रंथात त्यांचे नाव येते, कोणत्यात नुसते "एका शेतकऱ्याला" असे येते, हे मुलांनी पुढे वाचताना पहावे.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. नगरहून एस.टी.ने किंवा दौंड-मनमाड मार्गावरच्या गाडीने श्रीरामपूरला उतरावे, पुढे आपले वाहन असलेले बरे. थंडीच्या दिवसांत जावे, पाणी व भाकरी बरोबर घ्यावी. खापराचा तुकडा दिसला तर मुलांना हातात घेऊन नक्षी पाहू द्यावी आणि जिथला तिथे ठेवायला लावावे. आमच्यातल्या एकाने खिशात टाकलेला तुकडा त्याच्या आईनेच परत ठेवायला लावला. इनामगावचे अवशेष पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे मुलांना न्यावे असे चालले आहे, तिकिटाचे पैसे तेवढे जमायचे आहेत.