पेपर अवघड गेला? खचू नका!

बाप कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी आणि लेक म्हणते, मला अमेरिकेत शिकायचे आहे! अशी मुले आज आपल्या वस्त्यांतून पुढे येत आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पण आधी परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला पाहिजे. त्यासाठी काही विद्यापीठे जीआरई ही परीक्षा मागतात.

पालकहो, ही परीक्षा दहावी-बारावीसारखी नाही. ती संगणकावर होते आणि उत्तरे पाहून पुढचे प्रश्न ठरवते. गणिताचे दोन भाग असतात. पहिल्यात १२ प्रश्न, दुसऱ्यात १५. इंग्रजी भाषेचेही तसेच. पहिला भाग मध्यम असतो. तो चांगला सोडवला की दुसरा कठीण येतो, चुका जास्त झाल्या तर सोपा येतो. तालमीत पहिली कुस्ती मारली की वस्ताद पुढची जोड भारी लावतो, तसेच हे.

मग गुण कसे देतात? प्रथम बरोबर उत्तरे मोजतात. एका भागातील सर्व प्रश्नांचे वजन सारखेच असते. नंतर वाट्याला आलेला भाग किती कठीण होता हे हिशेबात धरून १३० ते १७० यांमध्ये गुण बसवतात. म्हणून दोघांची बरोबर उत्तरे तितकीच असली, तरी कठीण भाग सोडवणाऱ्याचे गुण जास्त भरतात.

हे ठाऊक नसेल तर हुशार मुलगीही दुसरा भाग पाहून 'हे आपले काम नव्हे' म्हणत हातपाय गाळते. खरे तर तो तिच्या पहिल्या यशाचा पुरावा असतो!

मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे. पहिला भाग मन लावून सोडवावा. अडलेला प्रश्न सोडून पुढे जावे, त्या भागाची वेळ संपण्यापूर्वी परत यावे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

१९१३ साली परमपूज्य बाबासाहेब सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या वाटेवर आपली लेक निघाली असेल, तर ती घरी आल्यावर 'पेपर सोपा गेला का?' असे विचारू नका. 'अवघड आला, तरी शेवटपर्यंत लढलीस ना?' एवढेच विचारा.

जय भीम!