उतारवयाची मोजपट्टी (लेखांक ८) : करत नाहीत की करता येत नाही?

खुर्चीतून उठून तीन मीटर चालण्याची चाचणी या आठवड्यात सांगेन, असं म्हटलं होतं. ती आता पुढच्या खेपेला. मधेच एक पत्र आलं आणि त्या पत्राला अख्खा लेख देणं भाग आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनींनी लॉटन-ब्रॉडींची घर-व्यवहारातल्या आठ कामांची यादी (जमणाऱ्या दर कामाला एक गुण) आपल्या सासऱ्यांना लावून पाहिली. त्या लिहितात, ‘‘स्वयंपाक, धुणं, घरकाम मामंजींनी जन्मात केलं नाही. बाजारहाट मी करते. पैशांचे व्यवहार आमचे हे बघतात. गोळ्या मीच हातावर ठेवते. फोन आणि प्रवास मिळून आठांपैकी दोन गुण पडले. पण मामंजी पहाटे उठून धारा काढतात, डेअरीला दूध घालून येतात आणि काल फॅट किती लागली ते आज बिनचूक सांगतात. मग हे दोन गुण कसले?’’

ताई, नेमक्या या प्रश्नाने मला माझ्या दवाखान्यात वर्षानुवर्षं गुंतवून ठेवलं आहे. कात्झ यांच्या यादीतल्या, स्वतःच्या देहाचं स्वतः करण्याच्या सहा क्रियांना ही अडचण येत नाही. अंघोळ, कपडे, जेवण, संडासला जाणं ही कामं जगात कुठेही ज्याची त्यालाच करावी लागतात. म्हणून १९६३ साली क्लीव्हलंडमध्ये बांधलेली ती यादी आजही कागलमध्ये जशीच्या तशी चालते. स्वयंपाक, खरेदी, हिशेब यांचं तसं नाही. ती कामं घरात वाटलेली असतात. कोणाच्या वाट्याला काय आलं, हे तब्येतीवर ठरत नाही. घराच्या रीतीवर ठरतं.

लॉटन आणि ब्रॉडी यांच्या हे ध्यानात आलं नव्हतं असं नाही. १९६९ साली फिलाडेल्फियात ही यादी प्रसिद्ध करताना त्यांनी पुरुषांसाठी स्वयंपाक, घरकाम आणि धुणं ही तीन कामं मोजणीतून काढली होती. बायकांना आठ, पुरुषांना पाच. त्या काळाच्या मानाने तो व्यवहारी तोडगा होता. पण आज पुण्यात एकटा राहणारा विधुर रोज स्वतःचा कुकर लावतो, तो लावता येईनासा झाला तर ते कळायलाच हवं. आणि शेजारच्या इमारतीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंकडे गेली तीस वर्षं पोळ्यांना बाई आहे. त्यांच्या ‘पोळ्या करत नाहीत’ला काय अर्थ? म्हणून आता बहुतेक ठिकाणी सर्वांना आठही कामं विचारतात. तसं केलं की मग तुमच्या मामंजींना आठांपैकी दोनच गुण पडतात.

कागदावरच्या एका शून्यामागे तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. काम कधी वाट्यालाच आलं नाही, ही पहिली. काम होतं, पण मानाने सोपवलं, ही दुसरी. सून घरात रुळली, किल्ल्या तिच्या हाती दिल्या, सासूबाई देवपूजा आणि नातवंडांत रमल्या. यात आजार कुठेच नाही. तिसरी गोष्ट म्हणजे काम करता येईना म्हणून सुटलं. डॉक्टरला शोधायची असते ती ही तिसरी. अडचण अशी की ती बहुतेकदा दुसरीचा वेष घेऊन येते. ‘आता वय झालं, आम्हीच म्हटलं की राहू द्या,’ असं घरचे म्हणतात, म्हातारं माणूसही मान हलवतं आणि विषय संपतो.

या गाठीवर भारतात फार सुंदर काम झालं आहे आणि ते आपल्या डॉक्टरांनाही फारसं माहीत नसतं, याची मला खंत वाटते. हरियाणात दिल्लीपासून जवळच बल्लभगड आहे. तिथल्या खेड्यांत १९९०च्या दशकात स्मृतिभ्रंशाचा मोठा भारत-अमेरिका अभ्यास चालला होता. डॉ. विजय चंद्रा, डॉ. मेरी गांगुली, गेर्डा फिलेनबाम ही त्यातली मंडळी. स्मृतिभ्रंश ठरवायचा तर स्मरणशक्ती घटली एवढं पुरत नाही. त्यामुळे रोजचं जगणं अडलं आहे, हेही दाखवावं लागतं. आणि इथे तर बहुतेक वृद्ध निरक्षर, एकत्र कुटुंबात राहणारे. फोन नाही, बँकेचं खातं नाही, व्यवहार मुलांकडे, चूल सुनांकडे. फिलाडेल्फियाची यादी इथे लावली असती तर अर्धं गाव आजारी ठरलं असतं.

या मंडळींनी उलट बाजूने सुरुवात केली. या गावात, या घरात, म्हाताऱ्या माणसाकडून कशाची अपेक्षा असते? त्यातून तयार झालेले मोजके प्रश्न त्यांनी घरच्या माणसांना विचारायचे ठरवले. आजोबा गावात वाट चुकतात का? होळी-दिवाळीसारखे सण त्यांच्या लक्षात असतात का? निरोप दिला तर तो लक्षात ठेवून पोचवतात का? घरातल्या महत्त्वाच्या बाबतीत आपलं मत सांगतात का? गावातली लग्नं, संकटं, राजकारण यांवर धड बोलतात का? हाती घेतलेलं काम पुरं करतात का? जेवण झालेलं विसरतात का? १९९९ साली हे काम प्रसिद्ध झालं. ज्या माणसाने आयुष्यात चेक फाडला नाही, त्याची बुद्धी शाबूत आहे की नाही हे त्याच्याच जगातल्या कामांवरून कळू शकतं, हे त्या प्रश्नांनी दाखवून दिलं. घरातल्या लग्नाच्या बैठकीत ज्यांचा शब्द शेवटचा असायचा ते आजोबा वर्षभरात कोपऱ्यात गप्प बसू लागले असतील, तर तो चेक न फाडता येण्याइतकाच मोठा इशारा आहे.

त्यानंतर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. मथुरनाथ आणि सहकाऱ्यांनी २००५ साली आणखी एक पाऊल टाकलं. काम अडतंय ते शरीरामुळे की बुद्धीमुळे, हे त्यांनी वेगवेगळं मोजलं. बाजारात जाणं थांबलं, पण गुडघ्यांमुळे की रस्ता आठवत नाही म्हणून? दोन्ही माणसांना गुण सारखेच मिळतील, उपचार मात्र दोन टोकांचे.

आता दवाखान्यात हे कसं उतरवायचं, ते सांगतो. मी यादी पुढे धरत नाही. ‘सकाळी उठल्यापासून दिवस कसा जातो, सांगा,’ एवढंच म्हणतो. धारा, पूजा, पाण्याची पाळी, नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडणं, भजनी मंडळ, भिशी, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, जे निघेल ती त्या माणसाची यादी. मग दुसरा प्रश्न : ‘गेल्या दिवाळीला करत होता आणि आता बंद झालं, असं काय?’ ‘एक वर्षापूर्वी’ म्हटलं की कोणालाच काही आठवत नाही. दिवाळी, जत्रा, आषाढी म्हटलं की सगळं आठवतं. तिसरा प्रश्न : ‘का बंद झालं आणि कोणी बंद केलं?’ हा प्रश्न पेशंटला आणि सोबतच्या माणसाला शक्यतो वेगवेगळा विचारावा. उत्तरं जुळली नाहीत, तर तिथेच थांबून खोदायचं.

एका आबांबद्दल घरचे म्हणाले, ‘आता रात्रीच्या पाळीला शेतात जात नाहीत, वय झालं.’ आबांना एकट्याला विचारलं. म्हणाले, ‘अंधारात स्टार्टरचं बटण दिसत नाही, भीती वाटते.’ दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शस्त्रक्रियेनंतर आबा पुन्हा मोटर चालू करायला जाऊ लागले. दुसऱ्या घरात पुरणपोळीत नाव असलेल्या आजींनी होळीला पुरण घाटायला घेतलं आणि पुढे काय करायचं ते सुचेना म्हणून तशाच बसून राहिल्या. तिथे स्मरणशक्ती, थायरॉइड, बी-१२, मन उदास आहे का, हे सगळं तपासावं लागलं. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही म्हाताऱ्या माणसाची बुद्धी गढुळते, म्हणून औषधंही पाहावी लागली.

चौथी पायरी म्हणजे करून दाखवायला सांगणं. त्यासाठी मला गोळ्यांची पिशवी फार उपयोगी पडते. पिशवी टेबलावर रिकामी करायची. सकाळच्या गोळीच्या स्ट्रिपा संपलेल्या आणि रात्रीच्या जवळपास तशाच भरलेल्या, हे एका नजरेत दिसतं. मग म्हणायचं, ‘आजी, यातली रात्रीची गोळी कुठली? काढून दाखवा.’ आजी स्ट्रिप हात लांब करून धरतात : नजर. गोळी ओळखतात, पण अंगठा दाबून ती बाहेर काढता येत नाही : बोटांचे सांधे. गोळी बरोब्बर काढतात, पण रात्री घेतली का, ते सांगता येत नाही : स्मरण. ‘ही माझी नव्हेच, माझी पिवळी असते,’ म्हणतात : दुकानदाराने कंपनी बदलून दिलेली असते आणि आजींनी भिऊन गोळीच सोडलेली असते. अर्ध्या मिनिटात एवढं कळतं.

हे आपण होऊन विचारावंच लागतं, कारण म्हातारी माणसं स्वतःहून सांगत नाहीत. ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. एडिंबरात जेम्स विल्यमसन आणि सहकाऱ्यांनी तीन फॅमिली डॉक्टरांच्या यादीवरच्या २०० वृद्धांना तपासलं आणि १९६४ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. प्रत्येकामागे सरासरी तीनांहून जास्त दुखणी निघाली. त्यांतली निम्म्याहून अधिक त्यांच्या डॉक्टरांना ठाऊकच नव्हती. हृदय आणि फुप्फुसाचे आजार डॉक्टरांना माहीत होते. लघवीचा त्रास, पायांची दुखणी, विसराळूपणा, उदासी हे मात्र घराबाहेर आलंच नव्हतं.

आपल्याकडे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये देशभर जी पाहणी केली, तीत साठीपुढच्या सुमारे ४८ टक्के लोकांनी लॉटन-ब्रॉडींच्या यादीसारख्या कामांपैकी निदान एकात अडचण येते असं सांगितलं. हा आकडा वाचतानाही ताईंचा प्रश्न मनात ठेवावा. आणि राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांसाठी जी ओपीडी ठरवून दिली आहे, तिथेच हे प्रश्न विचारले जायला हवेत. त्याला यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. नर्सताई किंवा आशाताई हे काम उत्तम करू शकतात. आशाताईला तर घर आतून माहीत असतं.

तर ताई, मामंजींचे दोन गुण खोडून टाका. त्यांच्या यादीत धारा, डेअरी आणि फॅटचा आकडा लिहा. ते बिनचूक चाललं आहे तोवर काळजीचं कारण नाही. फक्त एक करा. गोळ्या हातावर ठेवण्याऐवजी आठवडाभर त्यांना स्वतः काढून घेऊ द्या आणि तुम्ही शेजारी बसून पाहा. जमत असेल तर ते काम त्यांचंच राहू द्या. काम काढून घेतलं की हात आणि डोकं दोन्ही गंजतात.

बाकीच्या वाचकांना एक विनंती. घरच्या ज्येष्ठांना पुढच्या वेळी ब्लडप्रेशर, साखर दाखवायला न्याल, तेव्हा गेल्या दिवाळीपासून त्यांनी सोडलेली एक तरी गोष्ट आठवून कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. पुढच्या आठवड्यासाठी हात असलेली एक खुर्ची आणि तीन मीटरवर खडूची एक रेघ तयार ठेवा.